मिडल स्कूलमधलं चिअरलीडिंग: हा खेळ आहे का, आणि त्यानं आपल्या मुलांना काय फरक पडतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सहावी-सातवीतली मुलगी शाळेतून चिअरलीडिंगच्या ट्रायआउटचा (निवड चाचणीचा) कागद घेऊन येते आणि घरात प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. डॅलसच्या आसपास राहणारे मराठी पालक मला गेली काही वर्षं जे विचारत आले आहेत, ते सगळं इथं एका जागी लिहिलं आहे. माझी मुलगी सातवी-आठवीत शाळेच्या टीममध्ये होती आणि मी पालक-स्वयंसेवक म्हणून तिच्या सरावांना नि गेम्सना हजर असायचे. जिथं नियम किंवा आकडा आहे तिथं तो दिला आहे. जिथं माझं मत आहे तिथं ते माझंच आहे.

मिडल स्कूलच्या चिअर टीममध्ये मुलं नेमकं काय करतात?

बहुतेक ठिकाणी वर्षाचा क्रम असा असतो: एप्रिल-मेमध्ये ट्रायआउट, उन्हाळ्यात कॅम्प, शाळा उघडली की फुटबॉलचे गेम्स, थंडीत बास्केटबॉल. मैदानाच्या कडेला उभं राहून घोषणा द्यायच्या, प्रेक्षकांना बोलतं करायचं, मध्ये उड्या, थोडं टंबलिंग (कोलांट्या), साधे स्टंट (एकमेकींना उचलून धरणं). शुक्रवारी पेप रॅली (गेमआधी उत्साह वाढवायचा मेळावा) असेल तर जिममध्ये सगळ्या शाळेसमोर एक नाच. याला साइडलाइन चिअर म्हणतात.

दुसरा प्रकार कॉम्पिटिटिव्ह चिअरचा. तिथं कुणाला प्रोत्साहन द्यायचं नसतं. अडीच मिनिटांच्या आसपासचं एक रुटीन असतं, समोर परीक्षक असतात, अवघडपणाला आणि सफाईला गुण मिळतात, पडलं की गुण कापले जातात. काही मिडल स्कूल्स वर्षातून एखाद्-दुसऱ्या स्पर्धेला जातात, बरीचशी जात नाहीत.

तिसरा प्रकार ऑल-स्टार. तो शाळेचा नाहीच. खासगी जिम, वर्षभर सराव, शनिवार-रविवार स्पर्धा आणि फी वेगळी. पालकांच्या गप्पांमध्ये हे तिन्ही प्रकार एकमेकांत मिसळतात आणि मग वाद निष्फळ होतो. ‘चिअर खेळ आहे का’ असं कुणी विचारलं की आधी ‘कुठलं चिअर’ हे विचारून घ्या.

आयपीएलमध्ये चौकार मारल्यावर नाचतात, तेच ना हे?

नाही. हा प्रश्न बहुधा व्हिडिओ कॉलवर आजी-आजोबांकडून येतो, आणि त्यांची काळजी समजण्यासारखी आहे. २००८ च्या पहिल्या आयपीएलमध्ये अमेरिकेतल्या एका व्यावसायिक फुटबॉल संघाच्या चिअरलीडर्स बंगळुरूच्या संघासाठी आणल्या होत्या. त्या वर्षी महाराष्ट्रातही त्यांच्या कपड्यांवरून नि नाचावरून जोरदार वाद झाला. आपल्याकडच्या बहुतेकांच्या डोक्यात चिअरलीडर म्हणजे तेच चित्र पक्कं बसलेलं आहे.

व्यावसायिक संघांच्या चिअरलीडर्स मुख्यतः नर्तिका असतात. शाळेतलं चिअर दुसऱ्या मुळातून आलं आहे. २ नोव्हेंबर १८९८ रोजी मिनेसोटा विद्यापीठात जॉनी कॅम्पबेल नावाच्या विद्यार्थ्यानं पुढे उभं राहून प्रेक्षकांकडून एकसुरात घोषणा देऊन घेतल्या, तो दिवस याचा आरंभ मानतात. सुरुवातीला हे सगळं मुलगेच करायचे. मुली आल्या त्या १९२०च्या दशकात. पुढे टेक्सासच्या लॉरेन्स हर्किमर यांनी १९४८ मध्ये नॅशनल चिअरलीडर्स असोसिएशन काढली आणि उन्हाळी कॅम्प सुरू केले. मुली आजही ‘हर्की’ नावाची जी उडी मारतात ती त्यांच्याच नावाची.

आजी-आजोबांना शब्दांत समजावत बसण्यापेक्षा सरावाचा एक व्हिडिओ पाठवा.

सरळ सांगा, हा खेळ आहे की नाही?

शरीराकडून जे करून घेतलं जातं ते पाहिलं तर आहे. बारा वर्षांची मुलगी दुसऱ्या मुलीला खांद्याच्या उंचीवर तोलून धरते, घोषणा देताना तिचा श्वास टिकतो, आणि एका काउंटची चूक झाली तर कुणीतरी पडतं. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१२ मध्ये चिअरलीडिंगला खेळाचा दर्जा द्यावा अशी शिफारस केली. २०१४ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशननंही तीच भूमिका घेतली. डॉक्टरांच्या दोन मोठ्या संघटनांनी हे म्हटलं ते मानासाठी नव्हे, मुलींच्या सुरक्षिततेसाठी.

कायद्याच्या आणि शाळेच्या कागदावर मात्र उत्तर राज्यागणिक, जिल्ह्यागणिक, कधी कधी शाळेगणिक बदलतं. साइडलाइन चिअर बहुतेक ठिकाणी ‘अ‍ॅक्टिव्हिटी’त मोडतं, म्हणजे बँड आणि ड्रामाच्या रांगेत.

माझं मत विचाराल तर स्पर्धेचं चिअर हा खेळ आहे, यात मला शंका नाही. साइडलाइनचं चिअर हे खेळाडूचं शरीर लागणारं काम आहे. त्याला खेळ म्हणा न म्हणा, सुरक्षिततेचे नियम त्याला खेळाचेच लागले पाहिजेत.

न्यायालयानं तर ‘खेळ नाही’ असं म्हटलं होतं ना?

म्हटलं होतं, पण ते प्रकरण नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण दोन्ही बाजूंचे लोक त्याचा अर्धाच भाग सांगतात.

१९७२ च्या टायटल नाइन कायद्यानं सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलगे-मुली असा भेद करायला बंदी केली. त्यामुळे खेळांतही मुलींना बरोबरीच्या संधी द्याव्या लागतात. २००९ मध्ये कनेक्टिकटमधल्या क्विनिपिअ‍ॅक विद्यापीठानं पैसे वाचवण्यासाठी मुलींचा व्हॉलीबॉल संघ बंद करायचं ठरवलं, आणि त्याच वेळी कॉम्पिटिटिव्ह चिअरचा संघ उभा करून मुलींच्या जागांची गोळाबेरीज राखू पाहिली. व्हॉलीबॉलच्या कोच आणि खेळाडू न्यायालयात गेल्या. जुलै २०१० मध्ये न्यायाधीश स्टीफन अंडरहिल यांनी निकाल दिला की टायटल नाइनच्या हिशेबात हा चिअर संघ सध्या खेळ म्हणून धरता येणार नाही. ऑगस्ट २०१२ मध्ये अपील न्यायालयानं तो कायम केला.

न्यायाधीशांची हरकत मुलींच्या कसरतीवर नव्हती. सगळ्या देशात एकसारखे नियम नव्हते, प्रतिस्पर्धी कधी कॉलेजचे तर कधी खासगी जिमचे, हंगामाला धड घडण नव्हती, इतर संघांसारखी खेळाडूंची भरती होत नव्हती. पुढे कधीतरी हा खेळ ठरू शकेल, एवढी जागा निकालात ठेवलेली आहे.

मला हा निकाल योग्य वाटतो, चिअरची बाजू घेऊनही. एखाद्या शाळेनं वीस मुलींना चिअरमध्ये घातलं आणि ‘झाल्या मुलींच्या जागा पूर्ण’ म्हणून सॉफ्टबॉल बंद केलं, तर नुकसान मुलींचंच आहे. चिअरला दर्जा हवा तर नियम, हंगाम, प्रशिक्षक आणि खर्चासकट हवा.

याच कायद्याची आणखी एक बाजू मिडल स्कूलच्या पालकांना माहीत नसते. चिअरलीडर्स फक्त मुलांच्याच गेम्सना पाठवणं हासुद्धा भेदभाव ठरू शकतो. २००७ च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातल्या काही शाळांना अशा तक्रारीनंतर मुलींच्या बास्केटबॉललाही चिअरलीडर्स पाठवाव्या लागल्या. तुमच्या शाळेची टीम मुलींच्या गेम्सना जाते का, हे जरूर विचारा.

वेगवेगळ्या राज्यांत काय स्थिती आहे?

मिशिगन यात पुढे होतं. तिथं १९९४ पासून राज्य पातळीवर कॉम्पिटिटिव्ह चिअरच्या स्पर्धा होतात. न्यूयॉर्कनं २०१४ मध्ये कॉम्पिटिटिव्ह चिअरला शालेय खेळ म्हणून मान्यता दिली. कॅलिफोर्नियात २०१५ मध्ये तसा कायदाच झाला आणि २०१७-१८ च्या शालेय वर्षापासून तो लागू करायचं ठरलं. आमच्या टेक्सासमध्ये, जिथं शुक्रवारची संध्याकाळ फुटबॉल आणि चिअरशिवाय पुरी होत नाही, तिथं शालेय स्पर्धा चालवणाऱ्या यूआयएलनं २०१६ मध्ये चिअरची राज्यस्तरीय स्पर्धा (‘स्पिरिट’ या नावानं) सुरू केली.

हे सगळं हायस्कूलचं झालं. मिडल स्कूलचा निर्णय बहुतेक वेळा स्कूल डिस्ट्रिक्टच्या हातात असतो. म्हणजे शेजारच्या गावातल्या मैत्रिणीचं उत्तर तुमच्या उपयोगाचं नसेल.

ऑलिम्पिकमध्ये आहे का?

स्पर्धेत नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं इंटरनॅशनल चिअर युनियनला २०१६ मध्ये तात्पुरती आणि जुलै २०२१ मध्ये पूर्ण मान्यता दिली. मान्यता म्हणजे ऑलिम्पिकमध्ये प्रवेश नव्हे, पण ‘ऑलिम्पिकवाल्यांनीही मानलेलं नाही’ हे वाक्य आता कुणी टाकलं तर ते चूक आहे.

खेळ म्हटलं काय आणि अ‍ॅक्टिव्हिटी म्हटलं काय, आमच्या मुलीला फरक काय पडतो?

खूप पडतो, आणि मला वाटतं पालकांनी सगळ्यात जास्त वेळ याच प्रश्नावर घालवावा.

शाळेत एखादी गोष्ट ‘अ‍ॅथलेटिक्स’खाली असली की तिच्यामागे एक यंत्रणा आपोआप येते. हंगामाआधी डॉक्टरांकडून स्पोर्ट्स फिजिकल करून आणावं लागतं. आठवड्यात किती तास सराव घ्यायचा याला मर्यादा असते. कोचला प्रथमोपचार आणि सीपीआरचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. अ‍ॅथलेटिक ट्रेनर, म्हणजे दुखापतींकडे बघणारा तज्ज्ञ, हाकेच्या अंतरावर असतो. जिमची वेळ ठरताना आणि मॅट वाटताना नाव यादीत असतं. गोष्ट ‘अ‍ॅक्टिव्हिटी’खाली गेली की यातलं काय मिळेल ते त्या शाळेच्या प्रिन्सिपलच्या आणि कोचच्या जागरूकतेवर राहतं.

माझ्या मुलीच्या शाळेचंच सांगते. व्हॉलीबॉलला जिम मिळायची, कुस्तीला मॅट असलेली खोली मिळायची, आणि चिअरचा सराव कॅफेटेरियात. जेवणाची टेबलं घडी घालून भिंतीला लावायची, खाली गुळगुळीत फरशी, कुठं दूध सांडलेलं, आणि त्याच फरशीवर मुली एकमेकींना उचलायच्या. कुणाचा वाईट हेतू नव्हता. चिअरचं नाव अ‍ॅथलेटिक्सच्या यादीत नव्हतं म्हणून जागावाटपाच्या बैठकीत त्यांच्यासाठी बोलायला कुणी नव्हतं. आम्ही काही पालकांनी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या शिफारशी छापून नेल्या: कडक, ओल्या किंवा उंचसखल जमिनीवर स्टंट नकोत, स्प्रिंग किंवा फोमची फ्लोअर हवी, नाहीतर निदान गवत. पुढच्या सत्रात आठवड्यातून दोन दिवस मॅटची खोली मिळाली आणि उरलेल्या दिवशी स्टंट बंद, फक्त उड्या आणि घोषणा.

तेव्हा शाळेत जाऊन ‘चिअर खेळ आहे का’ असं विचारू नका. असं विचारा: टीम कुणाच्या अखत्यारीत आहे, अ‍ॅथलेटिक डायरेक्टरच्या की असिस्टंट प्रिन्सिपलच्या? कोचनं स्टंट शिकवण्याचं सुरक्षा प्रशिक्षण घेतलं आहे का? स्टंटचा सराव कुठं होतो? सराव चालू असताना ट्रेनर इमारतीत असतो का? डोक्याला मार लागला तर पुढची प्रक्रिया काय? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तोंडी घेऊ नका, लेखी मागा.

किती धोकादायक आहे? खरं खरं सांगा.

इथं दोन आकडे समोर येतात, दोन्ही खरे आहेत, आणि एकटा कुठलाही आकडा दिशाभूल करतो.

पहिला: १९८२ पासूनच्या अडीच दशकांत अमेरिकेतल्या हायस्कूल मुलींना खेळताना ज्या अतिगंभीर दुखापती झाल्या, म्हणजे कवटी, मेंदू, मणका यांच्या, त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश चिअरमधल्या होत्या. या नोंदी नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातलं एक केंद्र ठेवतं. आकडा वाचून पोटात गोळा येतो. पण एकूण संख्या फार लहान आहे. मुलींच्या इतर खेळांत अशा दुखापती जवळजवळ होतच नाहीत, म्हणून चिअरचा वाटा इतका मोठा दिसतो.

दुसरा: २००९ ते २०१४ या काळातल्या हायस्कूलच्या नोंदींवर आधारलेल्या अभ्यासात २२ खेळांची तुलना केली. दुखापतींच्या एकूण प्रमाणात चिअरचा क्रमांक १८ वा आला, म्हणजे सॉकर-बास्केटबॉलपेक्षा कमी दुखापती. पण चिअरमधल्या दुखापतींपैकी ३१ टक्के कन्कशन, म्हणजे मेंदूला बसलेला हादरा. आणि निम्म्याहून अधिक दुखापती स्टंट करताना झालेल्या.

याचा घरगुती अर्थ असा की चिअरमध्ये मुलगी क्वचित जखमी होते, पण होते तेव्हा ती दुखापत साधा पाय मुरगळण्यापुरती राहीलच असं नाही. आणि धोका कुठं आहे ते नेमकं ठाऊक आहे. नाचात नाही, घोषणांत नाही, उचलण्यात आणि झेलण्यात आहे. म्हणून पाहणी करायची ती सरावातल्या स्टंटच्या वेळेची.

मेंदूला हादरा बसल्याची शंका आली तर त्या दिवशी सराव संपला. ‘थोडं पाणी पी आणि ये’ हे चालणार नाही. डॉक्टरांनी लेखी परवानगी दिल्याशिवाय परत स्टंट नाही. कन्कशनचे कायदे २०१४ पर्यंत पन्नासही राज्यांत झाले, पण त्यांत चिअर येतं की नाही हे तुमच्या राज्याच्या कायद्यात ‘शालेय खेळ’ कशाला म्हटलं आहे त्यावर ठरतं. फिरून त्याच दर्जाच्या प्रश्नाशी आलो.

मिडल स्कूलमध्ये कुठले स्टंट चालतात?

टीव्हीवर दिसतं त्यातलं बरंचसं इथं बंद आहे. मुलीला हवेत उंच फेकून झेलण्याचा बास्केट टॉस यूएसए चिअर या देशपातळीवरच्या संघटनेच्या नियमांनुसार मिडल स्कूल पातळीवर करता येत नाही. गिरक्या घेत उतरण्यावरही मर्यादा आहेत. शाळेत कुणी ‘आमची टीम फार पुढची आहे’ म्हणून हे करून घेत असेल तर ते कौतुकाचं नाही.

नेहमीचा स्टंट म्हणजे प्रेप. दोन मुली समोरासमोर गुडघे वाकवून, पाठ ताठ ठेवून उभ्या राहतात, त्या बेस. तिसरी मागे, बॅक स्पॉट. चौथी, फ्लायर, बेसच्या खांद्यांवर हात टेकवते. ‘पाच, सहा, सात, आठ’ सुरू होतं. एकवर ती उडी घेऊन पाय त्यांच्या तळहातांत ठेवते, बॅक स्पॉट तिची कंबर उचलते, आणि तीन-चारपर्यंत तिचे पाय बेसच्या खांद्यांशी पोचलेले असतात. आता बॅक स्पॉटचे हात फ्लायरच्या घोट्यांवर आणि डोळे वर. सगळ्या स्टंटमध्ये तिची नजर फ्लायरच्या मानेवरून हलता कामा नये, कारण पडलीच तर डोकं आणि मान तिलाच सांभाळायची आहे. प्रेक्षकांकडे पाहून हसायचं काम फ्लायरचं. बॅक स्पॉटला कुणी पाहतसुद्धा नाही, आणि चांगली टीम ओळखायची ती तिच्यावरून.

सराव पाहायला गेलात तर एवढंच बघा: नवा स्टंट शिकताना आजूबाजूला जादा स्पॉटर उभे आहेत का, आणि स्टंट डगमगला की कोच ‘खाली घ्या’ म्हणते की ‘धरून ठेवा’ म्हणते.

दहीहंडीला महाराष्ट्रात साहसी खेळाचा दर्जा मिळाला, तसंच का हे?

बऱ्याच अंशी. पुण्या-मुंबईच्या पालकांना मी हेच उदाहरण देते, कारण थर म्हणजे काय हे त्यांना सांगावं लागत नाही. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं हंडीला वीस फुटांची मर्यादा आणि अठरा वर्षांची अट घातली. २०१७ मध्ये उंचीची मर्यादा गेली आणि वयाची अट चौदावर आली. २०२२ मध्ये राज्य सरकारनं साहसी खेळाचा दर्जा जाहीर केला. गोविंदांच्या विम्याची चर्चा त्याच्या जोडीनंच चालली.

अकरा ते चौदा हे मिडल स्कूलचं वय. म्हणजे ठाण्यात चौदाखालच्या ज्या वयाच्या मुलाला थरावर चढवता येत नाही, त्या वयाच्या मुली इथं एकमेकींना उचलतात. उंचीत अर्थात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि इथली मुलं महिनोन् महिने शिकून करतात. पण गोविंदा पथकांनी सेफ्टी बेल्ट, हेल्मेट आणि विमा मागून घेतला, तसं इथल्या पालकांनी मॅट आणि ट्रेनर मागून घ्यायला संकोचू नये.

माझी मुलगी लहानखुरी आहे. कोच तिला फ्लायरच करणार का?

शक्यता मोठी आहे. आपल्या मुली सातवीत वर्गातल्या इतर मुलींपेक्षा बऱ्याचदा बारीक असतात, आणि पहिल्याच दिवशी कोचची नजर त्यांच्यावर जाते. मुलीला उंचीची भीती वाटत नसेल आणि तिची तयारी असेल तर काहीच हरकत नाही. पण तिला तीन गोष्टी सांगून ठेवा. ‘नाही’ म्हणता येतं. बेस आणि बॅक स्पॉट हे दुय्यम काम नाही. आणि आठवीत उंची वाढली, वजन वाढलं की फ्लायरची बेस होते, हे वाढीच्या वयात व्हायचंच.

या तिसऱ्या गोष्टीकडे डोळ्यांत तेल घालून लक्ष द्या. फ्लायरची जागा टिकवायची म्हणून डबा परत यायला लागला, ‘मला भूक नाही’ सुरू झालं, तर थांबा आणि डॉक्टरांशी बोला. सगळ्यांसमोर मुलींचं वजन विचारणारी किंवा करणारी कोच असेल तर त्याची तक्रार करा. यात मला कुठलीही दुसरी बाजू दिसत नाही. आणि घरातल्या ‘किती जाडी झालीस’ या कौतुकाच्या चिमट्यालाही त्या वर्षापुरती रजा द्या. खरं तर कायमचीच द्या.

ट्रायआउटमध्ये काय बघतात? आपल्या मुलींवर अन्याय होतो का?

साधारण दोन-तीन दिवस एक घोषणा आणि एक छोटा नाच शिकवतात, शेवटच्या दिवशी तिघी-तिघींच्या गटात करून दाखवायचा. आवाज, उड्या, टंबलिंग, चेहऱ्यावरचा आत्मविश्वास यांना गुण. बाहेरचे परीक्षक बोलावणाऱ्या आणि गुणपत्रिका दाखवणाऱ्या शाळा मला जास्त विश्वासाच्या वाटतात.

अन्यायाचा प्रश्न नवा नाही, आणि तो उचलणारी मुलं इथं होऊन गेली आहेत. टेक्सासमधल्या क्रिस्टल सिटी गावात बहुसंख्य विद्यार्थी मेक्सिकन-अमेरिकन होते, तरी चार चिअरलीडर्सपैकी एकच त्यांच्यातली घ्यायची असा रिवाज होता. १९६९ च्या डिसेंबरात विद्यार्थ्यांनी त्यावरून शाळेवर बहिष्कार घातला. मागण्या वाढत गेल्या आणि त्यातून पुढे राजकीय पक्ष उभा राहिला. आज कोटा नाही. पण जी मुलं पाच वर्षांची असल्यापासून टंबलिंगच्या क्लासला जातात त्यांचं पारडं जड असतं, आणि त्या क्लासला पैसे लागतात. आपल्या मुलींना बहुतेक वेळा आवाज नडतो. घरी-वर्गात ‘हळू बोल’ ऐकून वाढलेल्या मुलीला एकदम पोटातून ओरडायचं असतं. त्याचा सराव बाथरूममध्ये नाही होत, मोकळ्या पार्कात न्या.

बॅक हँडस्प्रिंग (मागे झेप घेऊन हातांवरून मारलेली उलटी उडी) बहुतेक मिडल स्कूल्समध्ये सक्तीची नसते, आली तर गुण वाढतात. यूट्यूब बघून घरच्या गादीवर शिकवू नका. भरतनाट्यम केलेल्या मुलींना ताल, काउंट आणि चेहरा सहज जमतो. मल्लखांब किंवा जिम्नॅस्टिक्स केलेल्यांना उलटं होण्याची भीती नसते.

मुलगा जाऊ शकतो का?

हो. वर म्हटलं तसं सुरुवात मुलग्यांनीच केली. ड्वाइट आयझेनहॉवर, रोनाल्ड रेगन आणि जॉर्ज डब्ल्यू. बुश हे तिन्ही राष्ट्राध्यक्ष शिकत असताना चिअरलीडर होते. मिडल स्कूलमध्ये मुलगे थोडे असतात आणि वर्गात चिडवणं होतं. कोच त्यावर काय करते ते आधी विचारून घ्या.

कपड्यांचं काय? आणि दागिने?

मिडल स्कूलचा युनिफॉर्म व्यावसायिक संघांसारखा नसतो. स्कर्टखाली जाड ब्रीफ्स असतात. पूर्ण बाह्या हव्या असतील तर आतून बॉडीलायनर घालता येतो, पायांसाठी टाइट्स किंवा लेगिंग्ज मागता येतात. धार्मिक किंवा घरच्या कारणानं अंगभर कपडे हवे असतील तर युनिफॉर्मची ऑर्डर जाण्याआधी कोचला ईमेल करा. नंतर बदल होत नाही.

स्टंट करताना दागिना चालत नाही. कानातलं, चमकी, कडं, सगळं काढायचं. नाक टोचायचं राहिलं असेल तर हंगाम संपल्यावर टोचा, कारण ताजं भोक चमकी काढली की बुजतं. मनगटावरचा लाल दोरा किंवा राखी असेल तर कोचशी आधीच बोला.

खर्च किती?

शाळेच्या टीमचा काही शे डॉलर: बूट, कॅम्प, केसांचा बो, सरावाचे टीशर्ट. युनिफॉर्म काही शाळा वापरायला देतात, काही विकत घ्यायला लावतात. ऑल-स्टारचा वर्षाचा आकडा काही हजारांत जातो, त्यात प्रवास नि हॉटेल वेगळं. हा व्यवसाय मोजक्या हातांत एकवटलेला आहे. व्हार्सिटी ब्रँड्स ही कंपनी युनिफॉर्म, कॅम्प, स्पर्धा सगळंच चालवते. मक्तेदारीमुळे जादा पैसे मोजावे लागले असा दावा करणाऱ्या पालकांच्या खटल्यात २०२४ मध्ये ८.२५ कोटी डॉलरची तडजोड झाली.

फी परवडत नसेल तर कोचला एकांतात सांगा. बहुतेक शाळांत त्यासाठी काहीतरी तजवीज असते, फक्त ती कागदावर लिहिलेली नसते.

निवड झाली नाही म्हणून तिनं रागात स्नॅपचॅटवर काहीतरी टाकलं. शाळा काढून टाकू शकते का?

पेनसिल्व्हेनियातल्या एका हायस्कूलच्या मुलीनं वरच्या टीममध्ये जागा न मिळाल्यावर शनिवारी शाळेबाहेरून शिवीगाळ पोस्ट केली. शाळेनं तिला वर्षभरासाठी चिअरमधून काढलं. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आठ विरुद्ध एक मतांनी मुलीच्या बाजूनं निकाल दिला. पण त्यात शाळेचे सगळेच अधिकार गेलेले नाहीत. धमकी किंवा एखाद्या मुलीचा छळ असेल तर शाळा कारवाई करू शकते. पोस्ट काढायला लावा, तिला रडू द्या, आणि न्यायालयाचा विषय त्या रात्री काढू नका.

मिडल स्कूलनंतर हे पुढे कुठं जातं? कॉलेजला उपयोग होतो का?

हायस्कूलमध्ये ज्युनिअर व्हार्सिटी (शाळेची दुसरी टीम), मग व्हार्सिटी (मुख्य टीम). टेक्सासमध्ये हायस्कूलच्या चिअरला पीईच्या (शारीरिक शिक्षणाच्या) क्रेडिटऐवजी धरता येतं, डिस्ट्रिक्टनं मान्य केलं तर. कॉलेजात साइडलाइन टीमला मिळणारी मदत सहसा किरकोळ असते, तिच्या भरवशावर बेत आखू नका.

मात्र क्विनिपिअ‍ॅकच्या निकालात ज्या उणिवा दाखवल्या होत्या, त्या भरून काढण्याचं काम त्यानंतर खरोखर झालं. यूएसए चिअरनं ‘स्टंट’ नावाचा प्रकार बांधला. यात दोन संघ एकाच वेळी शेजारी शेजारी तेच ठरलेलं रुटीन करतात आणि ज्याचं जास्त सफाईदार त्याला गुण. चार क्वार्टर: पार्टनर स्टंट, पिरॅमिड आणि टॉस, उड्या आणि टंबलिंग, शेवटी पूर्ण संघाचं रुटीन. पॉमपॉम नाहीत, घोषणा नाहीत, हंगाम ठरलेला. कॉलेजच्या खेळांचं नियमन करणाऱ्या एनसीएएनं २०२० मध्ये अ‍ॅक्रोबॅटिक्स अँड टंबलिंगला आणि २०२३ मध्ये स्टंटला महिलांच्या उदयोन्मुख खेळांच्या यादीत घेतलं. ज्या मुलीला उचलणं, झेलणं, उडी मारणं आवडतं पण कुणासाठी ओरडायला आवडत नाही, तिच्यासाठी ही वाट आहे. जवळच्या कॉलेजात असा संघ असेल तर आठवीतल्या मुलीला एक सामना दाखवून आणा.